घोट्यातला स्क्रू तुटला म्हणजे ऑपरेशन फसलं?

एक्स-रेमध्ये स्क्रूचे दोन तुकडे दिसले की पेशंटच्या पोटात गोळा येतो. ‘स्क्रू तुटला म्हणजे ऑपरेशन फसलं’ हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो, आणि त्यापायी माणसं उगाच धास्तावतात याचं फार वाईट वाटतं.

हा स्क्रू म्हणजे सिंडेस्मोसिसचा, घोट्याच्या जरा वर पायाची दोन हाडं जिथे एकमेकांना बांधलेली असतात त्या जोडाचा. नडगीचं हाड आणि त्याच्या शेजारचं बारीक हाड, फिब्युला, यांना बांधणारे लिगामेंट फाटले की सांध्याच्या थोडं वर आडवा स्क्रू घालून दोन्ही हाडं जागेवर धरतात. धरावीच लागतात. टॅलस, म्हणजे घोट्यातलं खालचं हाड, फक्त 1 मिलिमीटर बाहेर सरकलं तरी सांध्यातलं संपर्कक्षेत्र सरासरी 42 टक्क्यांनी घटतं, असं 1976 सालच्या प्रयोगात दिसलं होतं.

पण मुळात ही हाडं जखडलेली नसतात. टॅलस पुढून रुंद असतो. पाऊल वर उचललं की तो रुंद भाग या दोन हाडांमधल्या खोबणीत शिरतो आणि फिब्युला किंचित बाजूला होते, जराशी फिरते. स्क्रू मात्र ताठ. चालायला लागल्यावर प्रत्येक पावलाला तो थोडासा वाकतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसाच शेवटी तुटतो किंवा हाडात सैल होतो. तोवर लिगामेंट बहुधा भरून आलेले असतात. म्हणूनच त्रास नसेल तर तुटलेला स्क्रू सहसा तसाच राहू देतात.

लिगामेंट भरण्याआधीच तुटला, दुखू लागलं किंवा हाडांमधली फट वाढली, तर मात्र सर्जनला लगेच दाखवा.