गटांगळी खायला शिकवणारी शाळा

विमान उडवायला शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे सुरुवातीची काही वर्षं कोणालाच धड ठाऊक नव्हतं. बॉक्सकाइटसारख्या विमानात शिकणारा गुरूच्या पाठीमागे बसे आणि त्याच्या खांद्यावरून हात पुढे घालून विमान चालवायचा दांडा कसा हलतो ते चाचपून बघे. फ्रेंचांनी पंख छाटलेली विमानं काढली होती. ती उडतच नसत, मैदानावर नुसती धावत. म्हणून त्यांचं नाव 'पेंग्विन'. पहिलं महायुद्ध पेटलं आणि वैमानिकांची गरज एकदम वाढली. तेव्हा मोजक्या तासांच्या सरावावर पोरांना आघाडीवर धाडलं जाऊ लागलं. प्रशिक्षणातच कितीतरी जण मेले.

सगळ्यात मोठी भीती 'स्पिन'ची. वेग कमी पडून एका बाजूच्या पंखाची उचल आधी सुटली, की विमान गिरक्या घेत खाली येतं. जमीन वर येताना दिसली की माणूस आपसूक दांडा स्वतःकडे ओढतो, आणि त्यानेच गिरकी आणखी घट्ट बसते. खरा उपाय मनाला न पटणारा: गिरकीच्या उलट बाजूचं पायाखालचं पेडल दाबायचं आणि दांडा पुढे लोटायचा, म्हणजे नाक आणखी जमिनीकडे! 1912 मध्ये विल्फ्रेड पार्क हा ब्रिटिश वैमानिक अशा गिरकीतून वाचला, तरी पुढची काही वर्षं शिकवण एकच होती: तिकडे फिरकूच नका.

हे उलटं केलं रॉबर्ट स्मिथ-बॅरी या ब्रिटिश वैमानिकाने. 1914 च्या ऑगस्टमध्ये विमान कोसळून त्याचे दोन्ही पाय मोडले होते. पुढे आघाडीवर तुकडी सांभाळताना त्याच्याकडे येणारे नवशिके किती कच्चे असतात, हे त्याने पाहिलं. 1917 मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर गॉस्पोर्टला त्याने प्रशिक्षकांसाठीच शाळा काढली. विमान अ‍ॅव्हरो 504, दोन्ही जागी नियंत्रणं. वैमानिकाच्या खऱ्या जागेवर शिष्य, गुरू पुढे. गुरूने मुद्दाम गिरकीत शिरायचं आणि शिष्याने बाहेर काढायचं. इंजिनाच्या गोंगाटात बोलायला रबरी नळी: एका टोकाला गुरूचं तोंड, दुसऱ्या टोकाला शिष्याचे कान. तिचं नावच 'गॉस्पोर्ट ट्यूब' पडलं. माझ्या मते खरी क्रांती या नळीची. चूक होत असतानाच ती सांगता येऊ लागली. त्याआधी ती खाली उतरल्यावर कळायची, उतरलात तर.

1928 मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला, तेव्हा ही पद्धत 'मॉथ' विमानांबरोबर मुंबईत आली. तिथेच शिकलेल्या जे.आर.डी. टाटांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी भारतातला क्रमांक 1 चा परवाना मिळाला.

गंमत म्हणजे 1949 मध्ये अमेरिकेने खासगी परवान्यासाठी स्पिनच्या सरावाची सक्ती काढून टाकली. विमान त्या टोकाला जाऊच नये यावर भर द्यावा, असा त्यामागचा विचार. प्रशिक्षक होणाऱ्याला मात्र तिथे आजही गिरकीत शिरून बाहेर यावं लागतं.