पोट्टा स्ट्रायकर, मग विंगवर काहून?

नागपूरजवळच्या कामठीच्या आपल्या पोट्ट्याचा पहिला प्रोफेशनल फुटबॉल सीझन मागच्या वर्षी संपला. तेव्हापासून ग्राउंडवर, चहाच्या टपरीवर एकच प्रश्न चालू आहे, हा इथं लीगमध्ये पोत्यानं गोल मारायचा मग तिथं जाऊन एवढे कमी कसे, आणि स्ट्रायकर, म्हणजे मधोमध राहून गोल मारणारा, म्हणून सही केली तर प्रत्येक मॅचला विंगवर, कडेच्या लाईनला चिकटून काहून पळतो. नाव लिहीत नाही, माहीत असणाऱ्यांना माहीत आहे. बाकीच्यांसाठी मागचं थोडं सांगतो कारण गोष्ट त्याच्या एकट्याची नाहीच.

आधी शब्दाचाच घोळ. आपल्याकडची जुनी मंडळी अजूनही राईट आऊट, राईट इन, सेंटर फॉरवर्ड, लेफ्ट इन, लेफ्ट आऊट असंच बोलतात, म्हणजे पुढे पाच जण खेळायचे त्या काळातली नावं. त्या पाचातला मधला तोच आपला खरा गोल मारणारा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला भारत चौथा आला, ऑस्ट्रेलियाला ४-२ नं हरवलं, त्यातले तीन गोल अशाच एका सेंटर फॉरवर्डचे, आणि तो मुंबईत कंपनीच्या टीमकडून खेळणारा माणूस. पुढे पाचाचे तीन झाले, तिनाचा कधी कधी एकच राहिला, आणि कागदावर मात्र विंगर काय न् सेंटर फॉरवर्ड काय सगळ्यांपुढे 'फॉरवर्ड' एवढंच लिहितात. आपण वाचतो स्ट्रायकर, कोच वाचतो 'पुढे कुठंही चालेल'.

नागपूरचं सांगायचं तर क्रिकेटमध्ये विदर्भ वेगळा, स्वतःची टीम, रणजी पण तीनदा जिंकली. फुटबॉलमध्ये आपण अख्ख्या महाराष्ट्रात मोडतो. म्हणजे सिलेक्शनला मुंबई-पुण्याकडे जा, रात्रभर ट्रेनमध्ये बसा, सकाळी उतरून सरळ ट्रायल. २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांचं फुटबॉल इथंच सुरू झालं हे सांगायची गरज नाही, त्यावर पिक्चर पण येऊन गेला. पोरांची कमी इथं कधीच नव्हती.

आता खरा मुद्दा, परदेशी खेळाडूंचा कोटा. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग ही मोठी लीग आली तेव्हा मैदानावर किमान ५ भारतीय हवेत एवढाच नियम होता, म्हणजे अकरातले सहा बाहेरचे. २०१७-१८ पासून भारतीय किमान ६, आणि २०२१-२२ पासून ७, म्हणजे बाहेरचे जास्तीत जास्त चार. टाळ्या वाजल्या, आता आपल्या पोरांना जागा मिळणार. मिळाली पण, खोटं कशाला बोलू. पण कुठली जागा मिळाली ते बघा ना. नियमात आकडा होता, पोझिशन नव्हती. क्लबनं सहाचे चार करताना कुणाला कमी केलं असेल, गोल मारणाऱ्याला तर कुणी हात लावत नाही, तिथंच सगळ्यात जास्त पैसा घातलेला असतो. मधला डिफेंडर ठेवला, मिडफिल्डचा डोकेबाज ठेवला, नऊ नंबर म्हणजे स्ट्रायकर ठेवला. रिकाम्या झाल्या त्या कडेच्या जागा, विंग आणि साईड बॅक म्हणजे कडेचे डिफेंडर. म्हणून १९-२० वर्षांचा भारतीय स्ट्रायकर आला की त्याला पहिल्या आठवड्यातच सांगतात की बेटा तुझा स्पीड चांगला आहे, बाहेर खेळ. माझं स्पष्ट मत आहे की भारतीय पोरांना मदत म्हणून आणलेल्या नियमानंच भारतीय स्ट्रायकरचा विंगर केला.

कोच लोकांचं म्हणणं वेगळं असतं, की पोरगं पाठीवर डिफेंडर घेऊन बॉल धरू शकत नाही, दोन मॅच हरलो की माझी नोकरी जाते. ठीक आहे. पण धरायला शिकणार कुठं, बेंचवर?

आकडा एकच सांगतो. २०१४ ते २०२४-२५, अकरा सीझन, सगळ्यात जास्त गोलचा मान एकदाही भारतीयाला नाही. शेवटच्या सीझनला मोरोक्कोच्या एकानं २३ मारले. भारतीयांमध्ये पहिला कोण, तर १४ गोलवाला चाळिशीचा माणूस, जो जून २०२४ ला देशाच्या टीममधून रिटायर झाला होता आणि मार्च २०२५ ला त्यालाच परत बोलवावं लागलं. मागं रांगेत कुणी असतं तर बोलावलं असतं का.

एक दार होतं तसं. फक्त तरुण भारतीय पोरांची टीम, परदेशी एक पण नाही, थेट देशाच्या आय-लीगमध्ये खेळायची. २०१० ला काढली, २०१३ ला बंद. मग २०१७ ला १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप आपल्याकडे झाला (तिन्ही मॅच हरलो, एकच गोल, तो पण कॉर्नरवर मिडफिल्डरच्या डोक्यानं) आणि ती पोरं वाया जाऊ नयेत म्हणून तीच टीम परत उभी केली. टेबलात बहुतेक वेळा तळाकडेच असायची, पण तिथं नऊ नंबर आपलाच पोरगा असायचा, मार खायचा, चुकायचा, पुढच्या मॅचला परत तोच. २०२२ मध्ये पुन्हा बंद, कारण काय तर तोच पैसा ज्युनियर लीगवर लावून जास्त पोरांना खेळवू. ऐकायला बरोबर वाटतं. पण ज्युनियर लीग संपवून बाहेर पडणाऱ्या पोरानं मोठ्यांमध्ये मधोमध खेळायचं कुठं, याचं उत्तर त्यात नव्हतं, आणि आपला पोट्टा नेमका त्यानंतरच्या बॅचचा.

म्हणून त्याचे गोल मोजताना मिनिटं पण मोजा. बहुतेक वेळा साठाव्या-सत्तराव्या मिनिटाला आत, ते पण टीम पुढे असेल तर लेफ्ट बॅकला मदत करायला.

त्यात २०२५ च्या जुलैत लीगच थांबवली, करारांचा घोळ, कोर्टाची वाट, सीझन वेळेवर सुरूच झाला नाही. पोरगा घरी आला. संध्याकाळी आमच्या ग्राउंडवर एका मॅचला उतरला, सगळ्यांनी मिळून त्याला सेंटर फॉरवर्डला ठेवला. कडेला बसलेले काका सारखे ओरडत होते, "बीच में रह बे, बाहर मत जा!" पण सवय लागलेली, पहिल्या दहा मिनिटांत तीनदा तो लाईनकडेच गेला.