हॅटिसबर्गच्या ओसिओलाबाई : एका देणगीमागचा इतिहास

1995 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातून एक बातमी आली आणि बघता बघता देशभर पोहोचली. हॅटिसबर्ग गावातल्या ओसिओला मॅकार्टी या 87 वर्षांच्या कृष्णवर्णीय बाईंनी जन्मभर लोकांचे कपडे धुऊन साठवलेल्या पैशांतून 1,50,000 डॉलर सदर्न मिसिसिपी विद्यापीठाच्या नावे केले. पैशांअभावी ज्यांचं शिक्षण अडतं अशा मुलांना, त्यातही कृष्णवर्णीय मुलांना आधी, शिष्यवृत्ती मिळावी एवढीच त्यांची इच्छा होती. बाईंची स्वतःची शाळा सहावीत सुटली होती.

सर्वसामान्य अमेरिकन माणसांच्या दातृत्वाचा विषय निघाला की ही गोष्ट हमखास सांगितली जाते. पण बहुतेक वेळा ती 'गरीब म्हातारी, मन मोठं' इथेच थांबते. मला हे अपुरं वाटतं. बाईंनी हेच काम का केलं, पैसे बँकेतच का ठेवले आणि शेवटी ते याच विद्यापीठाला का दिले, या तिन्ही प्रश्नांमागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो समजला की देणगीचं मोल आणखी वाढतं.

सुरुवात धुण्यापासूनच करू. 1865 मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं आणि गुलामगिरी कायद्याने गेली. (जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती निग्रोंच्या दास्यविमोचनासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. हा संदर्भ आपल्याकडे अनेकांना ठाऊक असतो. त्या सुटकेनंतर त्या माणसांनी पोट कसं भरलं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.) दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय बायकांपुढे दोनच वाटा होत्या, गोऱ्यांच्या शेतावर राबणं किंवा त्यांच्या घरी घरकाम करणं. धुण्याचं काम यात जरा वेगळं होतं. गाठोडं आपल्या घरी आणायचं, आपल्या अंगणात धुवायचं आणि इस्त्री करून परत नेऊन द्यायचं. कष्ट कंबर मोडणारे, पण डोक्यावर मालकीण नाही आणि पोरंबाळं डोळ्यांसमोर. म्हणून हजारो बायकांनी हे काम जाणूनबुजून पत्करलं.

त्या मुकाट्याने धूत बसल्या असंही नाही. जून 1866 मध्ये, म्हणजे गुलामगिरी संपून जेमतेम काही महिने झाले असताना, मिसिसिपीची राजधानी जॅक्सन इथल्या धोबिणींनी एकत्र येऊन नगराध्यक्षांना पत्र धाडलं. दिवसभराच्या धुण्याला दीड डॉलर, कुटुंबाच्या महिन्याच्या धुण्याला 15 डॉलर, एकट्या माणसाच्या धुण्याला 10 डॉलर, असे दरच त्यांनी ठरवून कळवले. त्या राज्यातली ही पहिली कामगार संघटना मानली जाते. पुढे जुलै 1881 मध्ये अटलांटात 20 बायकांनी संप पुकारला आणि तीन आठवड्यांत त्यांची संख्या 3,000 वर गेली. नगरपालिकेने प्रत्येकीवर 25 डॉलरचा परवाना लादण्याची धमकी दिली. बायकांनी उलट कळवलं की हवं तर आम्ही परवान्याचे पैसे भरू, पण मग शहरातलं सगळं धुणं आमच्या हातात राहील आणि दर आम्ही ठरवू. तो प्रस्ताव नगरपालिकेने पुढे रेटला नाही.

ओसिओलाबाईंचा जन्म 1908 चा. आजी, आई, मावशी अशा बायकांच्या घरात त्या वाढल्या आणि धुण्याचा धंदा त्यांच्याकडे आजीकडून आला. मावशी आजारपणातून घरी आली, तिची उठबस करायला कोणी हवं होतं, म्हणून सहावीतल्या ओसिओलाने शाळा सोडली. मावशी बरी होईपर्यंत बरोबरीच्या मुली पुढच्या वर्गात गेल्या होत्या. ती पुन्हा शाळेत गेली नाही.

त्यानंतरची सुमारे पाऊणशे वर्षं एकच दिनक्रम. सकाळी अंगणात हंड्याखाली जाळ करायचा. कपडे भिजवायचे, धुवायचे, उकळायचे, नालीदार फळीवर घासायचे, विसळायचे, पुन्हा घासायचे, खळ घालून दोरीवर टाकायचे. वाळले की इस्त्री, आणि तोवर दुसरं गाठोडं तयार. हे रात्री अकरापर्यंत चाले. साठच्या दशकात त्यांनी कपडे धुण्याचं आणि वाळवण्याचं यंत्र वापरून पाहिलं. पण यंत्र नीट विसळत नाही, पांढरे कपडे पिवळे पडतात, हे त्यांना खपलं नाही. यंत्रं बाजूला सारून त्या परत हंड्याकडे वळल्या. इथे मला जुन्याला धरून बसणारी म्हातारी दिसत नाही. कामात पक्की असलेली, आपल्या हातून गेलेल्या मालाची लाज-अब्रू सांभाळणारी कारागीर दिसते.

बचत लहानपणीच सुरू झाली होती. शाळेतून आल्यावर इस्त्री करून मिळालेली नाणी ती मुलगी बाहुलीच्या गाडीत ठेवायची. पुरेशी जमली तेव्हा ती एकटीच बँकेत गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर गाठोड्याला दहा डॉलर मिळायला लागले तशी शिल्लक वाढत गेली. बाईंनी टाकलेले पैसे कधी काढले नाहीत. लग्न नाही, मूलबाळ नाही, गाडी नाही. राहतं घर एका नातेवाइकाकडून मिळालेलं. वाणसामान आणायला मैलभर चालत, हातगाडी ढकलत जायचं. आजी 1944 मध्ये गेली, आई 1964 मध्ये, मावशी 1967 मध्ये. तिघींचंही शेवटचं त्यांनीच केलं. बँकेतल्या लोकांनी फारच आग्रह केला तेव्हा घरात वातानुकूलन यंत्र बसवलं, पण ते कोणी पाहुणे आले तरच लागायचं.

आता बँकेविषयी, कारण हा भाग सहसा गाळला जातो. मुक्त झालेल्या गुलामांसाठी 1865 मध्ये, लिंकन हयात असतानाच, फ्रीडमन्स बँक स्थापन झाली. सैनिकांनी, मजुरांनी, धोबिणींनी तिथे पै-पै ठेवली. गैरव्यवहार आणि बेफिकीर कर्जवाटप यांमुळे 1874 मध्ये ती बुडाली आणि 61,000 हून अधिक ठेवीदारांचे सुमारे 30 लाख डॉलर अडकले. अनेकांना पुढे थोडंफार मिळालं, कित्येकांना काहीच नाही. या जखमेनंतर बँकेवर पुन्हा विश्वास बसायला दोन-तीन पिढ्या गेल्या. व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या मॅगी वॉकर यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. धोबिणीची ही लेक आईची धुण्याची गाठोडी घरोघर पोहोचवत वाढली आणि 1903 मध्ये तिने सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक सुरू केली. नावातच पेनी, कारण ज्यांच्याकडे चिल्लरच आहे त्यांच्यासाठीच ती बँक होती. ओसिओलाबाई ज्या समाजातून आल्या, त्यात बचतपुस्तक हे भाबडेपणाचं लक्षण नव्हतं. एकदा लुबाडलं गेल्यावर पुन्हा उभं केलेलं ते बळ होतं.

आणि देण्याची रीतही त्यांनी नव्याने काढलेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेतली राज्यं कृष्णवर्णीयांच्या शाळांवर नावापुरता खर्च करत. 1912 पासून पुढची वीस वर्षं कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांची कल्पना आणि शिकागोचे व्यापारी ज्यूलियस रोझेनवाल्ड यांचा पैसा यांतून खेड्यापाड्यांत सुमारे 5,000 शाळा उभ्या राहिल्या. अट अशी की गावानेही आपला वाटा उचलायचा. कर भरून झालेल्या त्याच गरीब लोकांनी वर्गणी काढली, जागा दिली, लाकूड दिलं, अंगमेहनत केली. सगळा हिशोब केल्यावर कृष्णवर्णीय गावकऱ्यांचा वाटा रोझेनवाल्ड यांच्या रकमेहूनही जास्त भरला.

उरतो तिसरा प्रश्न, याच विद्यापीठाला का? ते बाईंच्या घरापासून जवळ होतं, एवढं उत्तर पुरत नाही. त्याच गावाजवळच्या क्लाइड केनार्ड यांनाही ते जवळ होतं.

केनार्ड कोरियन युद्धात लढलेले सैनिक. शिकागो विद्यापीठात शिकत होते, पण सावत्र वडील आजारी पडल्यावर आईला कोंबडीपालनात हातभार लावायला 1955 मध्ये गावी परतले. राहिलेलं शिक्षण पुरं करायला त्यांनी जवळच्या मिसिसिपी सदर्न कॉलेजात, म्हणजे आजच्या या विद्यापीठात, अर्ज केला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा केला. कॉलेज फक्त गोऱ्यांचं होतं. सप्टेंबर 1959 मध्ये कॉलेजच्या अध्यक्षांना भेटून ते गाडीकडे आले तर पोलीस हजर. बेदरकारपणे गाडी चालवल्याचा आरोप, शिवाय गाडीत दारूच्या बाटल्या 'सापडल्या'. वर्षभराने 25 डॉलरच्या कोंबडीखाद्याच्या चोरीत त्यांना गोवण्यात आलं. फक्त गोऱ्या पंचांनी काही मिनिटांत दोषी ठरवलं आणि सात वर्षांची सजा देऊन त्यांना पार्चमनच्या तुरुंगात धाडलं. तिथे त्यांना कर्करोग झाला. सुटका झाली ती 1963 च्या जानेवारीत, अगदी शेवट दिसू लागल्यावर. त्याच वर्षी 4 जुलैला, वयाच्या 36 व्या वर्षी ते गेले. ज्याच्या साक्षीवर खटला उभा होता त्याने नंतर ती खोटी असल्याचं सांगितलं आणि 2006 मध्ये कोर्टाने केनार्ड यांना निर्दोष ठरवलं.

कॉलेजचे दरवाजे दोन कृष्णवर्णीय विद्यार्थिनींसाठी उघडले सप्टेंबर 1965 मध्ये. त्यानंतर चारच महिन्यांनी, लोकांना मतदानासाठी पुढे आणणारे हॅटिसबर्गचे व्हर्नन डॅमर यांचं घर कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेने पेटवलं आणि त्यात त्यांचा जीव गेला. हे सगळं घडत होतं तेव्हा ओसिओलाबाई त्याच गावात कपडे धूत होत्या. पूर्वी तिथे आपल्या लोकांना घेत नसत आणि आता घेतात, हे त्यांनी देणगीच्या वेळी सरळ बोलून दाखवलं. त्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, पण विसरही नव्हता.

1994 च्या अखेरीस संधिवाताने हात सुजले आणि काम थांबवावं लागलं. खात्यात अडीच लाख डॉलरहून अधिक रक्कम होती. तुमच्या मागे याचं काय करायचं, हे ठरवायला बँकेच्या अधिकाऱ्याने त्यांच्यापुढे दहा नाणी मांडली, एक नाणं म्हणजे दहा टक्के. बाईंनी एक चर्चसाठी काढलं, तीन नातेवाइकांसाठी आणि उरलेली सहा विद्यापीठासाठी. कागदपत्रं करून देणारा वकीलही असा, ज्याच्या घरचे कपडे त्या धूत आल्या होत्या.

ठरल्याप्रमाणे रक्कम विद्यापीठाला बाईंच्या पश्चात मिळायची होती. पण तेवढं थांबायची गरज पडली नाही. हॅटिसबर्गच्या व्यावसायिकांनी तितकीच रक्कम आपल्याकडून उभी केली आणि 1995 च्या शरद ऋतूतच गावातल्या एका मुलीला 1,000 डॉलरची पहिली शिष्यवृत्ती मिळाली. देशभरातून 600 हून अधिक लोकांनी आणखी 3,30,000 डॉलर पाठवले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी बाईंना प्रेसिडेन्शियल सिटिझन्स मेडल दिलं, पुढच्या वर्षी हार्वर्डने मानद डॉक्टरेट. 26 सप्टेंबर 1999 रोजी, वयाच्या 91 व्या वर्षी यकृताच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं. त्याच्या आदल्या वर्षी सदर्न मिसिसिपी विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली होती, विद्यापीठाच्या इतिहासातली पहिली. क्लाइड केनार्ड यांना ती मरणोत्तर मिळायला 2018 साल उजाडलं.