ओटी चाचणी

पिण्याच्या पाण्यात निर्जंतुकीकरणानंतर क्लोरीन शिल्लक आहे का, हे ऑर्थोटोलिडिन या द्रावणाने जागेवर पाहण्याची रंगचाचणी. पाणी पिवळे झाले की ‘ओटी पॉझिटिव्ह’, रंग आला नाही की ‘ओटी निगेटिव्ह’. इथे पॉझिटिव्ह म्हणजे चांगले. गावात हे पहिल्यांदा सांगताना थोडे थांबून समजावावे लागते, कारण कोरोनानंतर या शब्दाची लोकांना धास्तीच बसली आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या गावांत जलसुरक्षक (पाणीपुरवठ्याची देखरेख करणारा गावातला कर्मचारी) आणि आरोग्यसेवक ही चाचणी करतात.

दोन्ही जिल्ह्यांची पाण्याची अडचण एकसारखी नाही. कृष्णा, कोयना, वारणाकाठच्या गावांत नदीतल्या जॅकवेलमधून (पाणी उपसण्यासाठी बांधलेल्या विहिरीतून) पाणी उंच टाकीत चढते. पावसाळ्यात ते गढूळ असते आणि गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी, जत भागात टंचाईच्या महिन्यांत टँकर येतो. तिथे पाणी टँकरमधून विहिरीत, विहिरीतून घागरीत आणि घागरीतून माठात जाते. प्रत्येक टप्प्यावर हात लागतो, म्हणून शिल्लक क्लोरीनची गरज तिथे अधिकच.

निर्जंतुकीकरणासाठी गावोगाव वापरतात ती टीसीएल पावडर, म्हणजेच ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. १,००० लिटरला ५ ग्रॅम हे सर्वसाधारण प्रमाण, म्हणजे ५०,००० लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. गोल विहिरीचे पाणी मोजायचे तर व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले ४. मापे मीटरमध्ये घेतली तर उत्तर घनमीटरमध्ये येते आणि एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. ४ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे ३७,७०० लिटर भरतात. तिला साधारण १९० ग्रॅम पावडर लागते.

पावडर कोरडीच टाकणे ही सर्रास होणारी चूक आहे. बादलीत एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नये. आधी थोड्या पाण्यात ती लाप्शीसारखी कालवावी, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावी आणि पाच-दहा मिनिटे निवळू द्यावी. चुना तळाशी बसतो. वरचे निवळ पाणीच विहिरीत किंवा टाकीत सोडावे. तळातला चुना विहिरीत गेला तर पाणी जड होते. विहिरीत बादली खाली-वर करून द्रावण मिसळावे. त्यानंतर निदान अर्धा तास, विहिरीला एक तास, पाणी उपसू नये. म्हणून हे काम रात्री, शेवटचे पाणी भरून झाल्यावर केलेले बरे.

चाचणी नळाखाली होते. नळ थोडा वेळ वाहू द्यावा, परीक्षानळी त्याच पाण्याने विसळून भरावी आणि द्रावण घालावे. पाठ्यपुस्तकी प्रमाण १० मिली पाण्याला १ मिली, तर तयार संचात थेंबांची संख्या लेबलवर असते. रंग दहा सेकंदांच्या आत पाहायचा. तेवढ्यात येणारा पिवळा रंग मोकळ्या क्लोरीनचा. नळी हातात धरून गप्पा मारत पंधरा मिनिटांनी पाहिली तर अमोनियाशी बांधला गेलेला, जंतू मारायला बराच दुबळा क्लोरीनही रंग देतो आणि निकाल फसवा येतो. रंगपट्टीशी जुळवून लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी मिळावे. साथीच्या किंवा पुराच्या काळात ०.५ धरतात. रंग नारिंगीकडे झुकला तर मात्रा फार झाली. असे पाणी लोक वासामुळे टाकून देतात आणि जवळच्या ओढ्याचे किंवा बोअरचे न तपासलेले पाणी पितात, हे त्याहून वाईट.

द्रावण आणि तपासलेले पाणी पुन्हा टाकीत किंवा भांड्यात ओतू नये, चव तर मुळीच घेऊ नये. ऑर्थोटोलिडिन आरोग्याला घातक मानले जाते. म्हणूनच अलीकडे गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडी गोळ्यांकडे कल आहे. लोह, मॅंगनीज, नायट्राइट असलेल्या पाण्यात ओटी चुकवू शकते, हेही त्याचे एक कारण.

निगेटिव्ह येण्याची कारणे बहुतेक साधी असतात. उघड्या पोत्यातली पावडर दमट हवेत मरते. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर नेहमीच्या मात्रेत पुरत नाही, म्हणून पावडरीचाही नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. दाब कमी म्हणून लोक नळाखाली खड्डे करतात. पाणी बंद झाले की वाहिनीत ओढ निर्माण होते आणि खड्ड्यातले, गटारातले पाणी आत जाते. गटारातून गेलेली जुनी वाहिनी आणि व्हॉल्व्हचे बुडालेले चेंबर हेही नेहमीचेच. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सांगलीकडे गाळाची भर पडली. पुरात बुडालेली विहीर आधी उपसून, गाळ काढून, मगच क्लोरीन द्यावे लागते. गढूळ पाण्याला आधी तुरटी, निवळल्यावर क्लोरीन. हा क्रम उलटला की पावडर गाळावरच वाया जाते.

या चाचणीला मर्यादाही आहेत. ती जंतू मोजत नाही. अमिबाच्या पुटी (कवचबंद अवस्था) आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नेहमीच्या मात्रेला दाद देत नाहीत. म्हणून जैविक तपासणीसाठी नमुने वेगळे जातातच. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना फील्ड किट (जागेवर पाणी तपासण्याचा संच) वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. रोज पाणी भरणारीच्या हातात नळी आली की चाचणी खऱ्या अर्थाने घरात येते.

वहीत वर्षभर रोज ‘पॉझिटिव्ह’ असेल तर ती वही टाकीजवळच्या नळावर भरली गेली, असे समजावे. नमुना सर्वांत लांबच्या वस्तीच्या, शेवटच्या नळाचा घ्यायचा. तिथे रंग आला नाही तर टाकीच्या दिशेने एकेक नळ मागे यावे. जिथे पुन्हा पिवळा रंग दिसतो, तो नळ आणि त्याच्या आधी तपासलेला रंग न आलेला नळ यांच्यामधली वाहिनी उकरावी.