कातळावरची उथळ माती की घरंगळून आलेली खोल खडीमाती?

कोरड्या डोंगरउतारावर या दोन्ही जमिनी वरून सारख्याच दिसतात. पृष्ठभागावर खडी, विरळ गवत, खुरटी झुडपे, आणि कुदळ मारली की ठणका. त्यामुळे दोन्हींना सरसकट ‘मुरमाड’ म्हणून मोकळे होण्याची सवय असते. पण एकीत किती पाणी साठेल, झाड कसे लावावे, चर खोदावा की दगडी बांध घालावा, यांची उत्तरे दुसरीत थेट उलटी होतात.

पहिली माती जागच्या जागी झालेली असते. खालचा खडक झिजून सुटलेली खडी आणि थोडी बारीक माती, की लगेच अखंड कातळ. दुसरी माती वरच्या कड्यावरून, उतारावरून घरंगळत आणि पाण्याबरोबर सरकत येऊन साचलेली. तिची जाडी मीटरभर किंवा त्याहून बरीच जास्तही असू शकते.

जागतिक मृदा वर्गीकरणात ‘लेप्टोसॉल’ हा गट आहे. २५ सेंमीच्या आत अखंड खडक लागला की माती या गटात जाते. पण ७५ सेंमी खोलीपर्यंत २ मिमीपेक्षा बारीक मातीचे प्रमाण सरासरी २० टक्क्यांहून कमी असले, तरीही ती याच गटात बसते. म्हणजे खोल पण जवळजवळ नुसत्या खडीची जमीनही नकाशावर ‘लेप्टोसॉल’ दिसू शकते. नकाशावर विसंबून कामाची आखणी करू नये, ती यामुळेच.

जागेवरून अंदाज येतो. सोंडेचा माथा आणि बाहेर फुगलेला उतार असेल तर बहुधा जागची माती. आत वळलेला पायथा किंवा घळीचे तोंड असेल तर बहुधा आलेली. मधल्या उतारावर मात्र काही पावलांतच चित्र पालटते. तिथे पहार चालवावी, पण एकदाच नाही. एका चौरस मीटरात पाच-सहा ठिकाणी ठोकावी. सगळीकडे साधारण सारख्याच खोलीवर अडली आणि खणखणीत उसळी घेतली, तर खाली कातळ आहे. एकीकडे १५ सेंमीवर, दुसरीकडे ४० वर, तिसरीकडे आणखी खाली अडली, तर ती सुट्या दगडांवर आपटते आहे. एकाच ठोक्यावर ‘खडक लागला’ अशी नोंद करणे ही इथली नेहमीची चूक.

शंका राहिली तर ६० सेंमी लांबी-रुंदीचा खड्डा घ्यावा. जागच्या मातीत खाली जाताना खडी वाढत आणि मोठी होत जाते, आणि तिचा दगड खालच्या कातळाच्याच जातीचा असतो. मुळे कातळापाशी आडवी वळून चटईसारखी पसरतात. फटीत शिरलेली एखाद-दुसरीच. आलेल्या मातीत असा क्रम नसतो. मोठा धोंडा वर आणि बारीक माती खाली, दगडांचे लांब अंग उताराच्या दिशेने झुकलेले, मध्येच गाडली गेलेली जुनी गडद माती, असे काहीही निघते.

कोरड्या हवेत आणखी एक खूण मिळते. मुरणाऱ्या पाण्यातला चुना दगडाच्या खालच्या अंगाला पांढरा थर धरतो. सगळ्या दगडांचा थर खालीच असेल, तर ते बराच काळ हललेले नाहीत. तो वर किंवा बाजूला दिसला, तर थर धरल्यानंतर दगड उलटला आहे, म्हणजे उतार सरकतो आहे.

(कुदळीने सोलून निघणारा कुजका खडक, म्हणजे खरा मुरूम, हा तिसरा प्रकार. त्यात मुळे काही प्रमाणात उतरतात. त्याला कातळ समजू नये.)

आता पाण्याचा हिशेब. दोन्हींत खडी आकारमानाने ५० टक्के आणि बारीक मातीत झाडाला मिळू शकणारे पाणी १५ टक्के धरू. २५ सेंमी मातीत २५० × ०.५ × ०.१५, म्हणजे जेमतेम १९ मिमी साठते. १ मीटर खोलीत ७५ मिमी. दिवसाला ५ मिमी खर्च झाला, तर पहिली चार दिवसांत कोरडी, दुसरी पंधरा दिवस टिकते.

यात खडीचे प्रमाण आकारमानाने हवे, वजनाने नाही. वजनाने ६० टक्के खडी म्हणजे आकारमानाने सुमारे ४२ टक्के (दगडाची घनता २.६५, मातीची १.३ धरून). प्रयोगशाळा नमुना २ मिमीच्या चाळणीतून चाळून फक्त बारीक मातीचे आकडे देते. ते तसेच हेक्टरी मात्रेत बदलले, तर जमिनीतले अन्नद्रव्य आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त दिसते. वरच्या ४२ टक्के खडीच्या उदाहरणात आकडा ०.५८ ने गुणावा लागेल.

पृष्ठभागावरची सुटी खडी दोन्हीकडे राहू द्यावी. ती बाष्पीभवन आणि थेंबांचा मारा कमी करते. कडक पापुद्र्यात रुतून बसलेली खडी मात्र पाणी वाहून लावते. तिथे पापुद्रा हलका फोडणे पुरते.

कातळावर चर खोदण्यात अर्थ नाही. समपातळीत दगडी बांध घालून माती अडवावी आणि झाड भेगेवर लावावे. शक्यतो बी थेट टोकावे, कारण पिशवीत गुंडाळलेल्या मुळाला भेग सापडणे अवघड. आलेल्या मातीत ४५ ते ६० सेंमीचा खड्डा घ्यावा, निघालेले दगड खालच्या अंगाला अर्धचंद्राकार रचावेत आणि चाळून निघालेली बारीक माती मुळांभोवती भरावी.

समपातळी चरही इथेच उपयोगी, पण एक अट आहे. जाड खडीमाती खाली कातळावर टेकलेली असली, तर मुरलेले पाणी त्या सांध्यावर साचते आणि वरचा थर सुटू शकतो. उताराला आडव्या भेगा, बुंध्याशी वाकलेली झाडे किंवा पायथ्याला अचानक फुटलेले पाझर दिसले, तर तिथे चर खोदू नयेत. उलट वरून येणारे पाणी वळवून बाजूच्या खडकाळ घळीत सोडावे आणि भेगा मातीने ठासून बंद कराव्यात.