डिप्लॉय झालं म्हणजे रिलीज झालं नव्हे

"ताई, काल रात्री रिलीज केलं." इंदूरच्या विजयनगरातल्या आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात सकाळच्या स्टँडअपला (रोजच्या छोट्या बैठकीला) कुणी असं म्हणालं की मी लगेच विचारते, "फ्लॅग चालू केलास?" उत्तर बहुतेकदा एकच: "नाही, नुसतं प्रॉडक्शनला टाकलंय." फ्लॅग म्हणजे कोडमधली नवी सोय चालू-बंद करायची कळ, आणि प्रॉडक्शन म्हणजे ग्राहक वापरतात ते खरे सर्व्हर. मग ते डिप्लॉय झालं. रिलीज अजून व्हायचंय.

डिप्लॉय तुम्ही रोज करता: नवा कोड सर्व्हरवर जाऊन चालू लागला, संपलं. कोड आपोआप तपासून पुढे नेणाऱ्या साधनांपैकी जेनकिन्सने नेला काय, गिटहब अ‍ॅक्शन्सने नेला काय, सारखंच. कंटिन्युअस डिलिव्हरी आणि कंटिन्युअस डिप्लॉयमेंट यांचा वादही लांबवण्यासारखा नाही. पहिल्यात शेवटचं बटण माणूस दाबतो, दुसऱ्यात टेस्ट पास झाल्या की पाइपलाइन, म्हणजे कोड सर्व्हरपर्यंत नेणारी पायऱ्यांची साखळी, आपणहून पुढे जाते.

रिलीज म्हणजे ती सोय ग्राहकाच्या हाती पडणं. अनंत चतुर्दशीला इंदुरात मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात ना, त्यातली एखादी रस्त्यावर येऊन लागली की डिप्लॉय झालं. दिवे लागून पुतळे हलू लागले की रिलीज. मधल्या वेळात वायरमन खाली वाकून एकेक जोडणी तपासत असतो, आणि ती सवड फार मोलाची आहे. फेसबुकने २००८ मध्ये चॅट आणताना हेच केलं. लोकांच्या पानांवरून चॅटच्या सर्व्हरकडे मागण्या जात होत्या, पण स्क्रीनवर काहीच दिसत नव्हतं. भार पेलतोय याची खात्री करून मगच चॅट लोकांपुढे आलं.

डिप्लॉय आणि रिलीज यांतला घोळ महागात पडतो तो बिघाड झाल्यावर. आधीच्या नोकरीत एका शुक्रवारी संध्याकाळी नव्या कूपनमुळे बिलं चुकू लागली. कूपनला फ्लॅग होता, तो बंद केला की काम भागत होतं. पण आमच्या टीम लीडने अख्खं डिप्लॉय मागे घेतलं. त्याच बिल्डमध्ये, म्हणजे एकत्र चढवलेल्या कोडमध्ये, जीएसटीची दुरुस्ती होती, तीही गेली. शनिवारभर आम्ही बिलं हाताने नीट करत बसलो.

आमचं शनिवारवर निभावलं. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअरबाजारातल्या कंपनीचं निभावलं नाही. १ ऑगस्ट २०१२ला शेअरबाजारात ऑर्डर पाठवणारा त्यांचा नवा कोड आठ सर्व्हरवर असायला हवा होता. एक सर्व्हर राहून गेला. त्यातच नव्या सोयीसाठी जुनाच फ्लॅग पुन्हा वापरलेला. त्या राहिलेल्या सर्व्हरवर त्या फ्लॅगने २००३ पासून बंद असलेला कोड जागा केला आणि ऑर्डरी बेफाम सुटल्या. घाईघाईने त्यांनी उरलेल्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढून टाकला. फ्लॅग तसाच चालू! आता आठही सर्व्हरवर जुना कोड धावू लागला. ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान.

म्हणून जुन्या फ्लॅगला नवं काम देणारा पुल रिक्वेस्ट (कोडबदलाचा प्रस्ताव) मी वाचतसुद्धा नाही, परत पाठवते. टेस्ट फ्लॅग चालू ठेवून चालवायच्या आणि बंद ठेवूनही. नुसत्या बंद फ्लॅगवर पाइपलाइन हिरवी झाली तर नवा कोड तपासलाच गेलेला नसतो. सोय सगळ्यांना मिळून स्थिरावली की फ्लॅग कोडमधून काढायचा, त्याचं तिकीट, म्हणजे कामाची नोंद, पहिल्याच दिवशी टाकायचं.

आमच्या कामांच्या बोर्डावर मी दोन वेगळे रकाने करून घेतलेत: 'डिप्लॉय झालं' आणि 'ग्राहकाला दिसतं'. तिकीट पहिल्या रकान्यात असेपर्यंत सेल्सवाल्यांनी कुणालाही फोन करायचा नाही.