ढाका म्हणजे नेमके कुठपर्यंत?

2022 च्या जनगणनेत ढाक्याच्या दोन महापालिकांची मिळून लोकसंख्या 1 कोटी 3 लाखांच्या आसपास भरली. 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शहरीकरण अहवालाने त्याच ढाक्याची लोकसंख्या 3 कोटी 66 लाख धरली आणि जकार्ताच्या खालोखाल त्याला जगात दुसरा क्रमांक दिला. मधल्या तीन वर्षांत अडीच कोटी माणसे तिथे येऊन राहिलेली नाहीत. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ‘ढाका’ हे नाव दोन्हीकडे वेगवेगळ्या जमिनीसाठी वापरले आहे.

आधी सरकारी ढाका पाहू. 2011 मध्ये ढाका महापालिकेचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. उत्तरेचे क्षेत्रफळ 196 चौरस किलोमीटर, घनता दर चौरस किलोमीटरला सुमारे 30,500 माणसे. दक्षिणेचे 109 चौरस किलोमीटर, घनता 39,000 च्या वर. लालबाग, चौकबाजार, सूत्रापूर हा ‘पुरान ढाका’, म्हणजे जुने शहर, या दक्षिण भागात येतो. याहून मोठा ढाका जिल्हा: सुमारे 1,464 चौरस किलोमीटर, 1 कोटी 47 लाख लोक, घनता दहा हजार. त्याहून मोठा ढाका विभाग: 4 कोटी 42 लाख लोक आणि घनता जेमतेम 2,150. नगररचनेचे काम पाहणाऱ्या ‘राजउक’ या संस्थेचे 1,528 चौरस किलोमीटरचे क्षेत्र आणखी वेगळे. ते जिल्ह्याच्या हद्दीशी जुळत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो एका ढाक्याची लोकसंख्या आणि दुसऱ्या ढाक्याचे क्षेत्रफळ घेतल्याने. 3 कोटी 66 लाखांना दोन महापालिकांच्या 305 चौरस किलोमीटरने भागले, तर घनता 1 लाख 20 हजार येते. ही घनता प्रत्यक्षात कोणत्याच ढाक्याची नाही. दोन्ही आकडे एकाच तक्त्यातले आहेत का, हे पाहिल्याशिवाय भागाकार करूच नये.

संयुक्त राष्ट्रांचा आकडा येतो कुठून? 2025 च्या अहवालात पालिकेची किंवा जिल्ह्याची हद्द बाजूला ठेवून सगळ्या देशांना एकच मोजपट्टी लावली आहे. जमिनीवर एक किलोमीटर लांब-रुंद चौकटींची जाळी टाकायची आणि प्रत्येक चौकटीत किती लोक राहतात याचा अंदाज घ्यायचा. ज्यांत 1,500 किंवा अधिक लोक आहेत आणि ज्या एकमेकींना लागून आहेत, अशा चौकटी जोडत जायचे. जोडलेल्या भागाची लोकसंख्या किमान 50,000 भरली, की ते एक शहर. मध्ये राहिलेली भोकेही शहरातच धरायची.

बांगलादेशात ही पद्धत लावली की शहर फार लांब पसरते, आणि त्याचे कारण भूगोलात आहे. अख्ख्या देशाची सरासरी घनताच 1,100 च्या वर आहे. गाळाची सुपीक जमीन, वर्षाला दोन-तीन पिके आणि रस्त्यांच्या व कालव्यांच्या कडेने सलग वसलेली गावे यांमुळे तिथला ग्रामीण भागही 1,500 च्या रेषेजवळच असतो. म्हणून दक्षिणेला नारायणगंज, उत्तरेला टोंगी आणि गाझीपूर, पश्चिमेला साभार हे सगळे कुठेही न तुटता ढाक्याला चिकटतात. संयुक्त राष्ट्रांच्याच 2018 च्या अहवालात ढाका 1 कोटी 96 लाखांवर होता. ही दोन वर्षे शेजारी ठेवून वाढीचा दर काढणे चूक आहे, कारण मधल्या काळात व्याख्याच बदलली. शहर खरोखर झपाट्याने वाढते आहे, पण ती वाढ एकाच पद्धतीच्या आकड्यांवरच मोजायला हवी.

जागेप्रमाणे काळही तपासावा लागतो. मुघल सुभेदार इस्लाम खान चिश्तीने 1610 च्या सुमारास बंगालची राजधानी राजमहालहून इथे हलवली आणि शहराला बादशहाचे नाव देऊन ‘जहांगीरनगर’ केले. नाण्यांवर आणि फारसी कागदांत हे नाव सापडते, बाजारात मात्र ढाकाच चालले. इस्लाम खानाने ढाक नावाचे ढोल वाजवायला लावले, आवाज पोचेल तिथपर्यंत शहराची हद्द ठरवली आणि त्यावरून नाव पडले, अशी कथा सांगतात. ती टिकत नाही. त्याच्या आधीच्या अकबरनाम्यात ढाका हे लष्करी ठाणे म्हणून आलेले आहे. ढाकेश्वरी देवीवरून, किंवा ढाकाच्या म्हणजे आपल्या पळसाच्या झाडांवरून नाव आले, ही मतेही आहेत. ‘ढक्का’ म्हणजे टेहळणीचे ठाणे, हा अर्थ राजतरंगिणी या काश्मीरच्या जुन्या संस्कृत इतिहासग्रंथात मिळतो. विक्रमपूर आणि सोनारगाव या जुन्या राजधान्या जवळच असल्याने तो सर्वांत पटण्याजोगा वाटतो.

इंग्रजांनी डी-ए-सी-सी-ए असे लिहिले. इंग्रजीत ढ नाही. जीभ मागे वळवून, कंठ घुमवत आणि सोबत श्वास सोडत काढलेला हा ध्वनी त्यांच्या कानांना साधा ड वाटला. 1982 मध्ये बांगलादेशने इंग्रजी स्पेलिंग बदलून डी-एच-ए-के-ए केले आणि 1988 च्या आठव्या घटनादुरुस्तीने ते संविधानातही आले. बांगला लिपीत आणि देवनागरीत काहीच बदलावे लागले नाही, कारण ढ तिथे आधीपासून होता.

शोध घेताना याचा थेट परिणाम होतो. मलमलीच्या व्यापाराची कागदपत्रे, 1905 ची बंगालची फाळणी, 1921 मध्ये सुरू झालेले ढाका विद्यापीठ किंवा 1971 चे युद्ध यांवरची तेव्हाची इंग्रजी सामग्री हवी असेल, तर जुने स्पेलिंग टाकूनच शोधावे. नवे टाकले तर जवळजवळ फक्त नंतरचे लेखन हाती लागते. संकेतांकांत जुने स्पेलिंग अजून जिवंत आहे: विमानतळाची तीन अक्षरे डी-ए-सी हीच आहेत. सेनेगलच्या डाकार शहराच्या जुन्या विमानतळाचा संकेतांक डी-के-आर होता; 2017 च्या अखेरीस सुरू झालेल्या नव्या विमानतळाचा डी-एस-एस आहे. डाकारला निघालेले प्रवासी डी-ए-सी आणि डी-के-आर यांच्या गोंधळात ढाक्याला पोचल्याची घटना घडलेली आहे, त्यामुळे तिकिटावर शहराच्या नावाबरोबर ही अक्षरेही वाचून घ्यावीत.